सीमोल्लंघनाचे दिवस

सणासुदीचे दिवस म्हणजे खाण्याचे आणि लोळण्याचे दिवस, ही समजूत अलीकडे आपल्यांत इतकी दृढमूल झाली आहे की, आश्विनाचा शुद्ध पक्ष लागताच भलेभले नियमनिष्ठ गृहस्थही आपल्या दिनचर्येला बिनदिक्कत रजा मंजूर करून टाकतात. पहाटे फिरावयास जाणारा आपले फिरणे तहकूब करतो, सूर्यनमस्कार घालणारा ‘आता जे काय ते दिवाळीनंतर’ असे जाहीर करून मोकळा होतो. आणि डब्यांतील चकल्या, कडबोळी, अनारसे आणि करंज्या यांचा यथाकाल फडशा पडून तळाशी केवळ चिवड्याचा चुरा उरला, म्हणजे ‘दिवाळीनंतर’चा तो वायदा मुदत वाढवून मार्गशीर्षाच्या नावे टाकला जातो. या दिवसांत तुपातेलाविरुद्ध निघणारी डॉक्टरमंडळींची फर्माने मला निष्प्रभ वाटतात, ती एवढ्यासाठीच की त्यांचा सारा रोख ताटावर असतो. माझी तक्रार उंबरठ्याविषयी आहे. निदान या गोदाकाठच्या मुलखात तरी हा ऋतू गेली दोन सहस्र वर्षे घराबाहेर पडण्याचा ऋतू होता.

याची दप्तरी नोंद पाहावयाची असेल, तर मुंबई-आग्रा रस्त्याने नाशिक शहराबाहेर पडून त्रिरश्मी डोंगराच्या, म्हणजे आपण ज्यांना पांडवलेणी म्हणतो त्या लेण्यांच्या, सुमारे 200 पायऱ्या चढाव्या लागतात. तेथील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा एक शिलालेख आहे, आणि त्याची भाषा एखाद्या दक्ष फडणिसाला शोभण्यासारखी आहे. बेचाळिसाव्या वर्षी उषवदाताने 3000 कार्षापणांची ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेविली. पैकी 2000 दरमहा शेकडा एक व्याजाने आणि 1000 दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागावयाचे नाही, व्याज तेवढे खर्चावयाचे. आणि पहिल्या ठेवीच्या व्याजातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, द्यावयाचे. हिशेब करून पाहावा: 2000 चे वर्षाचे व्याज 240, आणि वीस बारे तेही 240, दमडीचा फरक नाही. पण मला या लेखात व्याजाहून अधिक मौज वाटते ती त्यातील ऋतूची. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने, चिखल, पूर आणि पायांखाली येणारे जीवजंतू यांमुळे भिक्षूने एका ठिकाणी स्थिर राहावयाचे. आणि आश्विनी पौर्णिमेला प्रवारणा झाली, की नवे चीवर अंगावर घेऊन पुन्हा चारिकेस, म्हणजे पायी भ्रमणास, निघावयाचे. आपण ज्या पौर्णिमेला आटीव दुधाचे पेले रिचवून गच्चीवर पत्ते कुटतो, त्या पौर्णिमेला समोरच्या डोंगरावरील वीस जणांची बैठक मोडत असे.

पुढे भिक्षू गेले, फौजा आल्या. पण ऋतूचा हुकूम तोच राहिला. पावसाळ्यात छावणी करून बसलेली मराठ्यांची लष्करे नद्यांना उतार पडताच दसऱ्याचे सीमोल्लंघन करून मुलूखगिरीवर निघत, हे सर्वश्रुत आहे. आज आपण शिवेवर जातो तेही मोटारीतून, सोने म्हणून आपट्याच्या फांद्या ओरबाडतो, आणि अर्ध्या घटकेत परतून श्रीखंडावर बसतो. मात्र सारेच तसे नाहीत. कोजागिरीला वणीच्या सप्तशृंगी गडावर नद्यांचे पाणी खांद्यावरून घेऊन येणारे कावडधारी अजूनही पायीच येतात, आणि नवरात्रात खानदेशाकडून येणाऱ्या अनवाणी जथ्यांना पाहिले, म्हणजे पायांच्या या पुरातन सनदेचे नूतनीकरण दरसाल कोठेतरी होतच आहे, अशी खात्री पटते.

खाण्याविषयी म्हणाल, तर आपले पूर्वाचार्य आपल्या डॉक्टरांहून उदार होते. ‘अष्टांगहृदया’त वाग्भटाने हेमंताचे वर्णन करताना सांगितले आहे की, बाहेरच्या थंडीने कोंडला गेलेला जाठराग्नी या ऋतूत बलवान होतो, त्याला पुरेसे इंधन मिळाले नाही तर तो शरीरातील धातूंनाच पचवू लागतो, आणि रात्री दीर्घ असल्यामुळे माणसाला सकाळीच कडकडून भूक लागते. तेव्हा स्निग्ध, मधुर पदार्थ खावेत, याला त्याची खुशाल मुभा आहे. परंतु त्या मुभेच्या आधी कलमे आहेत, ती आपण सोयीस्करपणे गाळतो: तेलाचे अभ्यंग, अंग तुडवून घेणे, आणि मल्लविद्येत कुशल असलेल्यांबरोबर कुस्ती! व्यायाम किती करावा, तर बलवान आणि स्निग्ध भोजन करणाऱ्या माणसाने थंडीत आणि वसंतात आपल्या निम्म्या शक्तीने, इतरांनी आणि इतर ऋतूंत त्याहूनही कमी. निम्मी शक्ती हे माप मला फार शहाणपणाचे वाटते. पाडव्याला संकल्प सोडून भाऊबीजेला कंबर धरून बसणाऱ्यांना वाग्भट पुरता ओळखत असावा. पंचांगाप्रमाणे दिवाळी शरदातच पडते आणि हेमंत मार्गशीर्षात लागतो, हे मला ठाऊक आहे. पण नाशिकची पहाट पंचांगाची वाट पाहत नाही, आणि नरकचतुर्दशीला न्हाणीघरातून निघणाऱ्या वाफेला तिथी विचारण्याचे कोणाला सुचत नाही.

जुन्या नाशकात या कलमांची अंमलबजावणी आपोआपच होत असे. आश्विनी पौर्णिमेपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत महिनाभर बायका अंधारात उठून रामकुंडावर कार्तिकस्नानास जात, म्हणजे फराळाचा महिना तोच पहाटे उठण्याचाही महिना. मग कपालेश्वराच्या पायऱ्या, काळारामाचे दर्शन, आणि परत घरी येऊन चुलीपुढे बैठक. फराळाची ताटे पोहोचविणे हे तर पोरांचे बिनपगारी खाते होते. रविवार कारंज्यापासून तिवंध्याकडे, तेथून नदी ओलांडून पंचवटीत, असे क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेले ताट दोन्ही हातांत तोलीत, ते मुळीच कलू न देता, चढउतारांच्या गल्ल्यांतून जावयाचे. वाड्याचा उभा जिना चढावयाचा. आणि रिकामे ताट परत न देण्याचा रिवाज असल्यामुळे तेवढेच वजन घेऊन पुन्हा उतरावयाचे. आमच्या एका आत्याबाई वयाची पंचाहत्तरी उलटल्यावरही भाऊबीजेला पंचवटीतून पायी येत. ओवाळणी झाली, जेवणे झाली, की मी रिक्षा आणण्यास निघे आणि त्या मला दारातच अडवीत.

‘‘रिक्षा कशाला रे? अनारसा अजून इथंच आहे,’’ छातीवर हात ठेवून त्या म्हणत, ‘‘रामकुंडापर्यंत उतरेल तो खाली. तू चल हवं तर सोबत, तुझ्या तर दोन करंज्या जास्त झाल्यात.’’

करंज्यांची मोजदाद त्यांनी केव्हा केली, हे मला कधीच उमगले नाही.

आताचे शहर चहूबाजूंनी पसरले आहे, आणि ताट घेऊन गंगापूर रोडवरून नाशिकरोडला पायी जा, असे मी कोणाला म्हणणार नाही. फिरावयाचे ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, ज्याला जुनी माणसे अजून गोल्फ क्लबच म्हणतात. आणि फिरून होताच टोळकी मिसळीच्या दुकानी वळतात, आणि मिसळीतील तर्रीने पाच फेऱ्यांची कमाई पाच घासांत खर्ची पडते. यावर मी टीका करणार नाही. मिसळीविना नाशिककर पहाटे उठेल, ही अपेक्षाच अव्यवहार्य आहे. शिवाय शहराच्या वेशीपलीकडे निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात हाच काळ द्राक्षबागांच्या छाटणीचा आणि फेलफुटी काढण्याचा असतो. मांडवाखाली मान वर करून, हात उंच धरून, ओळीमागून ओळ दिवसभर चालणाऱ्या त्या मजूर बायकांना लक्ष्मीपूजनाची दुपार तेवढी कशीबशी मिळते. त्यांना कोणी व्यायामाचे महत्त्व सांगू लागला, तर त्या काय उत्तर देतील ते छापण्याजोगे नसावे. आणि 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविणारी आपल्याच जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत लहानपणी डोंगरवाटांनी पाणी आणत असे, यात मला अभिमानाइतकाच संकोचही वाटतो. कारण ती पायपीट तिने हौसेने निवडलेली नव्हती. हौसेने चालता येणे ही चैन आहे, आणि जी चैन आपल्याला फुकट मिळाली आहे ती दिवाळीतच नेमकी टाकून द्यावी, हे मला पटत नाही.

म्हणून आमच्या घरी भाऊबीजेच्या सकाळी त्रिरश्मीवर जाण्याचा पायंडा पडला आहे. जमलेल्या भाचरांना उषवदाताच्या व्याजाचा हिशेब तोंडी करावयास लावतो, जावईमंडळी तिसऱ्या लेण्यातील सातवाहनांचा लेख पाहण्याच्या मिषाने दम खातात, आणि वयस्क माणसे निम्म्या शक्तीचा दाखला देऊन मध्येच कठड्यावर टेकतात. लेण्यांत बसून खाण्यास पुरातत्त्व खात्याची मनाई असल्यामुळे फराळाचा डबा वर नेता येत नाही. तो पायथ्याशी उतरल्यावरच उघडतो. तेथे दरसाल एकच तंटा उपस्थित होतो: चिवड्यात कांदा चिरून घालावयाचा की नाही, आणि तो मिटेपर्यंत निम्मा चिवडा संपलेला असतो.