क्लासिक बुलेटला, खडी-मुरमाच्या वाटेवर निघताना

प्रिय बुलेट,



तुला खडी-मुरमाच्या रस्त्यांसाठी तयार करायचं म्हणजे आधी तुझं रूप पालटायचं, अशी समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. सायलेन्सर वर उचलायचा, मागचा मडगार्ड कापायचा, टाकीला मातकट रंग द्यायचा, की झाली स्क्रॅम्बलर, म्हणजे कच्च्या वाटेची गाडी. एवढा खर्च करूनही गाडी खालून उघडी ती उघडीच राहते आणि पहिल्याच ओढ्यातल्या दगडावर इंजिनाचं बूड आपटतं. तुझ्यात बदल करावेत, जरूर करावेत. पण ते तुझं रक्षण करणारे असावेत. तुला दुसरीच कुठली तरी गाडी बनवण्याचा हट्ट मला मान्य नाही, म्हणून हे पत्र.

मुळात माती तुला परकी नाही. महायुद्धानंतरची नवी बुलेट १९४८ साली इंग्लंडमध्ये पहिल्यांदा लोकांना दिसली ती कोलमोर कप नावाच्या ट्रायल स्पर्धेत. दगडधोंडे, ओढे, निसरडे चढ यांतून पाय न टेकता गाडी काढायची, अशी ती स्पर्धा. त्या बुलेटच्या मागच्या चाकाला स्विंगआर्म आणि शॉकअप होते. ट्रायलच्या गाडीला मागे लवचीकता असली की पकड जाते, असं तेव्हाचे जाणते म्हणत. पण त्याच वर्षी इटलीत सान रेमोला झालेल्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या स्पर्धेत जिंकलेल्या ब्रिटिश संघात दोघे जण ३५० सीसी बुलेटवर होते. पुढे जॉनी ब्रिटन यांनी १९५२ आणि १९५७ साली स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल बुलेटवरच जिंकली. आपल्या लष्कराने पन्नासच्या दशकात सीमेवरच्या गस्तीसाठी तुला निवडलं आणि १९५५ साली मद्रासमध्ये तुझ्या कारखान्याची पायाभरणी झाली. गस्तीच्या वाटा काही डांबरी नव्हत्या.

पण त्या बुलेट वेगळ्या आणि तू वेगळी, हेही खरं. २०२१ मध्ये आलेल्या तुझ्या, म्हणजे क्लासिक ३५० च्या, पिढीचं वजन १९५ किलो आहे. जमिनीपासून तुझी उंची १७० मिलिमीटर, पुढच्या फोर्कचा प्रवास १३०. तुझ्याच रॉयल एनफिल्ड घरातली २०१६ ची हिमालयन बघ: उंची २२०, पुढचा प्रवास २००, पुढचं चाक २१ इंची. वजन मात्र जवळपास तुझ्याइतकंच. म्हणजे जडपणा हा तुझा मोठा दोष नाही. तुझी मर्यादा त्या सत्तर मिलिमीटरमध्ये आहे, आणि ती पैसे ओतून भरून निघत नाही. ती ओळखून वेग ठेवला तर तू हिमाचलमधल्या लोसरहून कुंझुम खिंडीकडे चढणारी वाट पार करतेस. विसरून ऐंशीच्या वेगाने खड्ड्यात गेलीस तर फोर्क तळाला आदळतो आणि रिम वाकते.

तुझ्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे. तुझा पिस्टन लांब पल्ल्याचा, ७२ मिलिमीटर बोअरला ८५.८ चा स्ट्रोक. २७ न्यूटन-मीटरचा टॉर्क ४००० आरपीएमलाच हाती येतो. सैल खडीवर चाक गरागरा फिरवणारी ताकद काहीच कामाची नसते. तिथे हवा असतो हळू, ठाम जोर, आणि तो तुझ्याकडे उपजत आहे. पुढचं स्प्रॉकेट एका दात्याने लहान केलं तर पहिल्या गिअरमध्ये चढावर क्लच कमी जळतो. हायवेवर इंजिन थोडं जास्त फिरतं, एवढीच त्याची किंमत.

पहिला खर्च टायरवर व्हावा. तुझे मूळ टायर डांबरासाठी घडलेले आहेत. त्यांच्या उथळ खाचा ओल्या मुरमात भरून जातात आणि मग टायर गुळगुळीत होतो. पुढे १९ आणि मागे १८ इंच या मापात डांबर आणि माती अशा दोन्ही कामांचे, खोल खाचांचे टायर मिळतात. मूळ मापाला धरूनच घ्यावेत, रुंद टायरचा मोह टाळावा, कारण तो स्विंगआर्मला आणि चेनला घासू लागतो. निव्वळ चिखलाचे बटणाचे टायरही तुला नकोत. पुणे ते मनाली डांबरावर जाताना ते झिजून जातील आणि पावसात ओल्या रस्त्यावर घसरतील.

टायरइतकीच महत्त्वाची त्यातली हवा, आणि तिच्याकडे फार कमी लोक बघतात. खडीवर उतरताना पाच-सहा पीएसआय कमी केले की टायर दगडाला थोडा लपेटून घेतो, हँडलची थरथर उतरते. त्याहून जास्त हवा सोडली तर दगड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटली जाते, दोन समांतर चिरा पडतात. म्हणून हातपंप, टायर काढायच्या पट्ट्या आणि जादा ट्यूब जवळ हवीच; डांबर लागलं की हवा परत भरायची. अलॉय आणि ट्यूबलेस टायरची तुझी बहीण पंक्चरला सोपी, पण मोठ्या दगडावर अलॉयला तडा गेला तर वाटेत उपाय नाही. तुझी स्पोकची रिम वाकते, आणि वाकलेल्या रिमचा आउट काढणारा कारागीर तालुक्याच्या गावी हमखास भेटतो. प्रत्येक मुक्कामी पान्याने स्पोकवर हलकेच टिचकी मारत चाक फिरवावं. घट्ट स्पोक खणकतो, सैल झालेला मेल्यासारखा वाजतो. दोन सैल स्पोक वेळीच आवळले तर पुढचे दहा वाचतात.

मग तुझं पोट. इंजिनाखाली ऑइलचा ड्रेन बोल्ट आहे आणि त्याच्यासमोर काहीच नाही. तिथे तीन-चार मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियमचा पत्रा हवा. तो इंजिनाला नाही, चासीला बांधायचा, म्हणजे दगडाचा मार चासी घेईल. पत्र्याला खाली भोकं असावीत. नाहीतर आत चिखल साचून वाळतो, इंजिनाची हवा कोंडते आणि ऑइल बदलायला दर वेळी सगळा पत्रा उतरवावा लागतो. लेग गार्ड तुझ्याकडे बहुधा असतोच. फार रुंद असेल तर तो चाकोरीच्या कडेला अडकतो. अंगालगतचा बरा.

आता आपल्या मुलखाची गोष्ट, कारण परदेशी सल्ल्यांत ती भेटत नाही. मराठवाडा, विदर्भ, सोलापूरकडची काळी माती पावसात भिजली की टायरला चिकटते, दर फेऱ्याला थर वाढतो आणि तुझ्या पुढच्या खोल लोखंडी मडगार्डमध्ये ठासून बसते. शेवटी चाक फिरेनासं होतं. पाणंदीत अशी अडकलेली गाडी काडीने माती कोरून सोडवणारे शेतकरी रोज हे भोगतात. मडगार्ड काढून टाकणं हा उपाय नव्हे. त्याच्या पट्ट्या दोन्ही फोर्क एकमेकांना धरून ठेवतात, त्या गेल्या तर पुढचा भाग पिळवटतो. टायर आणि मडगार्डमध्ये दोन बोटं जागा राहील अशी जाड वायसरांनी त्याची उंची वाढवावी. एवढ्यानं मुरूम आणि लाल माती निभते. भिजलेल्या काळ्या रानात मात्र तुला नेऊच नये. फोर्कवर रबरी घडीचं आवरण असू दे, म्हणजे फुफाटा ऑइल सीलमध्ये शिरत नाही.

खराब वाटेवर स्वाराने उभं राहायचं असतं. गुडघ्यांनी टाकी धरायची, भार पायांवर द्यायचा, आणि तुला खाली हवं तसं हलू द्यायचं. १३० मिलिमीटरच्या फोर्कला माणसाच्या गुडघ्यांची जोड मिळते ती अशी. त्यासाठी फूटरेस्टचं गुळगुळीत रबर जाऊन दातेरी, रुंद लोखंड यावं. हँडल इंचभर वर घ्यावं. वर घेतल्यावर इंजिन चालू ठेवून ते दोन्हीकडे टोकापर्यंत वळवून बघावं. वळवताना इंजिनाचा आवाज चढला तर अॅक्सिलरेटरची केबल ताणली गेली आहे, ती मोकळी केल्याशिवाय निघू नये. ब्रेकच्या नळीलाही तेवढाच सैलपणा हवा. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचे क्लॅम्प इतपतच आवळावेत की गाडी आडवी झाली तर लिव्हर जागच्या जागी फिरेल, तुटणार नाही.

ब्रेकबद्दल मला काळजी वाटते. आपल्याकडे १२५ सीसीवरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे आणि डांबरावर ते जीव वाचवतं. सैल खडीवर गोष्ट उलटी. तिथे अडकलेलं चाक आपल्यापुढे खडीचा ढीग जमवतं आणि त्यानेच थांबतं. एबीएस ते चाक पुन्हा पुन्हा सोडतं, म्हणून थांबायला अंतर जास्त लागतं. तुला ते बंद करायचं बटण नाही. काही जण फ्यूज काढतात. मग पुढचं एबीएसही जातं आणि संध्याकाळी हायवेवर येताना फ्यूज परत लावायचा राहतो. हे करू नये. उतारावर दुसऱ्या गिअरचा इंजिनब्रेक, आधीच उतरवलेला वेग आणि पुढच्या ब्रेकवर दोन बोटं, एवढ्यावर तू थांबतेस.

बाकीची कामं छोटी आहेत. एअर फिल्टर धुळीच्या दौऱ्यानंतर बदलावा. पन्हाळी रस्त्यावरच्या थरथरीने नट सुटतात, म्हणून लॉकटाइट लावावं आणि नटावर रंगाची रेघ ओढावी. रेघ सरकली की नट फिरला. ओढ्यात इंजिन बंद पडलं तर स्टार्टर मारू नये, आत पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. सामान खाली आणि पुढे बांधावं.

आणि वर उचललेला सायलेन्सर नको. त्याने मांडी भाजते, वजन वर जातं, आणि तो मोठ्या आवाजाचा असला तर गावोगावची माणसं आणि जनावरं बिचकतात. लांब शॉकअपही नकोत. त्यांनी मागची बाजू उचलली जाते, हँडल चंचल होतं आणि साइड स्टँड तोकडा पडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. चासी कापणाऱ्यांनी हे वाचावं. ब्रिटिश पत्रकार टेड सायमन १९७३ साली ट्रायम्फच्या रस्त्यावरच्या ५०० सीसी गाडीवर जगप्रदक्षिणेला निघाले आणि चार वर्षं फिरले. कापाकापीवाचून लांब जाता येतं.

शेवटचं तुझ्या स्वारांसाठी. तुमच्या गाडीला खाचांचे टायर लागले म्हणून सगळी जमीन तुमची झाली नाही. २०१२ साली जागतिक वारशात गेलेल्या कासच्या पठारावर आणि सह्याद्रीतल्या त्याच्यासारख्या सड्यांवर जांभ्याच्या कातळावर मातीचा थर जेमतेम असतो. त्यातच तिथली फुलं उगवतात. खोल खाचांचा टायर एकदा फिरला की तो थर उखडतो आणि पुढच्या पावसात वाहून जातो. गडांच्या पायवाटा, गायरानं, पेरलेल्या शेतांचे बांध यांनाही हेच लागू. जिथे गाडीवाट संपते तिथे बुलेट स्टँडवर लावा आणि पुढे चालत जा.

तुझा,
एक स्वार