तीनशेतीस

माणूस गेल्यावर मागे काय उरते? बहुधा देणे! इराकमधल्या प्राचीन सुमेरी लोकांनी ओल्या मातीच्या वड्यांवर बोरूने टोचे मारून जे लिहून ठेवले, त्यात देवादिकांच्या कथा आहेत खऱ्या. पण मोठा भरणा आहे तो धान्य, मेंढ्या आणि उसनवारीच्या हिशेबांचा. ही खिळ्यांसारखी चिन्हे २००६ साली युनिकोडात दाखल झाली, म्हणजे प्रत्येक चिन्हाला सगळ्या संगणकांनी ओळखावा असा एक क्रमांक मिळाला. आपल्या मोडीसाठी अंशुमन पांडे यांनी २०११ साली प्रस्ताव मांडला आणि २०१४ मध्ये तिचाही नंबर लागला. मोडीतल्या ‘अ’चा क्रमांक ११६००. सुमेरचे मेंढपाळ रांगेत आमच्या पणजोबांच्या पुढे उभे राहिले, याचे मला मुळीच वाईट वाटले नाही.

गंमत पुढेच आहे. मोडी लिहिणारा कारकून आधी पानभर रेघ ओढून घ्यायचा आणि तिला अक्षरे टांगत सुटायचा. हात शक्यतो उचलायचा नाही. तिथे ऱ्हस्व-दीर्घाची काळजी कोण करतो? युनिकोडात मात्र इ वेगळी, ई वेगळी. उ वेगळा, ऊ वेगळा. त्यातून दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याचीही रीत नाही.

पेणच्या आमच्या घरातले एक जुने गहाणखत मी संगणकावर मोडीतच उतरवून घेत होतो. ‘रुपये तीनशेतीस’ इथे अडलो. आकड्याचा कोपरा वाळवीने खाल्लेला. तीनशे तीस, की तीन, शेतीस? अक्षरांचे क्रमांक बिनचूक पडले होते. कर्ज तेवढे कळेना.

शेवटी रोह्याच्या एका जाणत्या गृहस्थांकडे गेलो. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी कागद खिडकीपाशी नेला आणि सरळ खालच्या ओळीवर बोट ठेवले.

“मास्तर, इथे खारबंदिस्तीतली दोन खाचरं गहाण टाकलीत. तीन रुपयांसाठी भाताची जमीन कोण देतो हो? तीनशे तीसच.”

मग चष्मा पुसत म्हणाले, “सोडवली का पण ती?”

तो कागद अजून सापडलेला नाही. पेटीत आणखी सतरा आहेत. त्यांच्या डोळ्यांचे ऑपरेशन मार्गशीर्षात ठरले आहे. तोवर दर रविवारी मी पेणहून रोह्याची गाडी पकडतो.