थंडीतले यकृत

बर्फात ठेवली की वस्तू टिकते, हा घरोघरचा समज. मृत दात्याच्या यकृताला मात्र थंडीही बाधते. ४ अंश सेल्सिअसला पेशींतील क्षार बाहेर लोटणारी यंत्रणा मंदावते, पाणी आत शिरते, पेशी फुगतात. १९८० च्या दशकात अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर व सदर्ड यांनी यावर एक द्रावण सिद्ध केले. त्याचे घटक वाचून आम्हांला मौज वाटली: दुग्धशर्करेपासून केलेले लॅक्टोबायोनेट आणि आपल्या कडधान्यांतही असणारी रॅफिनोज! हे मोठे रेणू पेशीत सहसा शिरत नाहीत. पाण्याला बाहेरच थोपवून धरतात. पूर्वी ६ ते ८ तासांत उरकावे लागणारे रोपण १२ तासांपलीकडेही शक्य झाले. आम्हांला मोल वाटते ते या वाढीव तासांचे. शोकाकुल कुटुंबाने दिलेले दान तेवढ्या अवधीत परगावच्या रुग्णापर्यंत पोहोचू लागले.