किलोमागं किती सुटतात?

छावणीचा आठवडी बाजार गुरुवारी भरतो. एका गुरुवारी संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना घेऊन मी तिथं गेलो. शिकवायचं होतं ‘फ्रॅक्शनल नॅपसॅक’: ठरावीक वजन पेलणाऱ्या पिशवीत सुटा माल असा भरायचा, की नफा जास्तीत जास्त व्हावा. वर्गात पोरं रीत पाठ करतात. ती बरोबर का, असं विचारलं की गप्प बसतात.

पडेगावच्या बाजूला मोटारसायकलवरून किराणा विकणारे एक काका माल भरत होते. त्यांच्या गाडीवर तीस किलोच बसतं. “काका, आधी काय भरता?” एका मुलीनं विचारलं.

“किलोमागं किती सुटतात ते बघतो. जास्त सुटणारा माल आधी.”

पोरांनी तिथंच वही उघडली. हिशेबासाठी आकडे गोल केले. खोबरं 10 किलो, किलोमागं 30 रुपये. शेंगदाणे 12 किलो, 20 रुपये. तूरडाळ 20 किलो, 16 रुपये. पोहे 5 किलो, 8 रुपये. काकांच्या रीतीनं खोबरं सगळं, शेंगदाणे सगळे आणि उरलेल्या जागेत डाळ 8 किलो: नफा 668 रुपये. एका मुलानं एकूण नफा मोठा म्हणून डाळ आधी भरली, वर खोबरं टाकलं, 620 झाले. दुसऱ्यानं हलका माल आधी घेतला, पोह्यांपासून सुरुवात केली; 628.

मग खरा प्रश्न आला. 668च्या वर जाताच येत नाही, हे कशावरून?

काकांनी उत्तर हातानंच दिलं. शेंगदाण्यांच्या पोत्यात माप खुपसून ते म्हणाले, “हे शिल्लक असताना तुम्ही जादा डाळ भरलीत, तर मी एक किलो डाळ काढीन, एक किलो शेंगदाणे टाकीन. वजन तेवढंच, चार रुपये वर.” पुस्तकात याच युक्तिवादाला अदलाबदलीची सिद्धता म्हणतात. अशी फायद्याची अदलाबदल जोवर शक्य आहे, तोवर भरणी सर्वोत्तम नाही. आणि काकांच्या भरणीत ती कुठंच शक्य नव्हती. इतकी स्वच्छ सिद्धता मला फळ्यावर कधी मांडता आली नव्हती. जॉर्ज डँट्झिग यांनी 1957 च्या शोधनिबंधात हीच रीत मांडली. संगणकाला यात मुख्य काम दराप्रमाणे क्रम लावण्याचं. माल हजारो प्रकारचा असला तरी ते झटपट होतं.

पण डाळीचं पोतं फोडायचंच नाही, असं ठरलं तर? खोबरं आणि शेंगदाणे भरल्यावर वीस किलोचं पोतं बसत नाही. पोहे घालून 27 किलो होतात, नफा 580. डाळ आणि खोबरं घेतलं तर 620. म्हणजे तीच रीत इथं हरते. सुट्या मालाचं कोडं सोपं, बंद पोत्यांचं अवघड: रिचर्ड कार्प यांनी 1972 मध्ये दाखवलेल्या 21 अवघड प्रश्नांच्या यादीत या दुसऱ्या प्रकाराचं नाव आहे. त्यासाठी वेगळी, डायनॅमिक प्रोग्रॅमिंगची वाट धरावी लागते.

हा धडा शिकवणाऱ्या शिक्षकांना एक विनंती आहे. सूत्र लिहिण्याआधी मुलांना पोतं फोडता येतं का, एवढं विचारा, आणि जमल्यास एखाद्या गुरुवारी त्यांना छावणीत घेऊन या.