चोरबागानातील देवाचे घर

कोलकात्यास बदली होऊन आम्हांस चार वर्षे झाली, तरी तोंडून अजून कलकत्ताच निघते. या चार वर्षांत आम्ही मार्बल पॅलेस पाहिला नव्हता. कचेरीतले बंगाली सहकारी म्हणत, ‘जाऊन या, घर म्हणजे काय ते कळेल.’ घर म्हणजे काय हे आम्हांस कळते अशी आमची समजूत होती. गेल्या फाल्गुनात ती समजूत डळमळली, कारण गावाहून दादांचे रजिस्टर पत्र आले. आमच्या वाड्याच्या जागी तीन मजली इमारत उभी राहावयाची असून आमच्या सहीचे संमतीपत्र तेवढे बाकी होते. पाकीट खिशातच होते आणि रविवार मोकळा होता. पर्यटन कार्यालयातून आदल्या दिवशी परवाना घेऊन ठेवला होता. तेव्हा निघालो.

चित्तरंजन अॅव्हेन्यूवरून मुक्ताराम बाबू स्ट्रीटमध्ये शिरले की हातगाड्या, छापखाने आणि सायकलरिक्षा यांच्या गर्दीत एकाएकी लोखंडी दार लागते. वस्तीचे नाव चोरबागान. हा सारा भाग एके काळच्या मराठा खंदकाच्या आतला. 1742 साली आमच्या पूर्वजांच्या, म्हणजे इकडच्या भाषेत ‘बर्गीं’च्या, भयाने इंग्रजांनी तो खंदक खणावयास घेतला आणि अर्धवट सोडला. पुढे तो बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड गेला. दारावरच्या माणसाने परवान्यावरचे मराठी आडनाव दोनदा वाचले आणि आम्हांस आत सोडले. इतिहासाची एवढी फेड पुरे.

हे घर राजेंद्र मल्लिक यांनी 1835 साली बांधावयास घेतले, तेव्हा त्यांचे वय अवघे सोळा होते. दत्तक पिता नीलमणी मल्लिक लहानपणीच वारल्यामुळे हा मुलगा न्यायालयाने नेमलेल्या इंग्रज पालकाच्या देखरेखीखाली वाढला. दर्शनी बाजूचे उंच कोरिंथियन स्तंभ पाहून हे घर त्या पालकाच्या देशातून उचलून आणले असावे असे वाटते. मात्र सज्जांचे उतरते छप्पर चिनी मंडपाच्या धाटणीचे आहे, आणि दार ओलांडून आत गेले की चारी बाजूंनी ओसऱ्या असलेला चौक व त्याच्या कडेला ठाकुरदालान, म्हणजे शुद्ध बंगाली घर. बाहेर ग्रीस, वर चीन, आत बंगाल. वास्तुशास्त्राचा जाणकार याला खिचडी म्हणेल. आम्हांस मात्र चौकात उभे राहिल्याबरोबर आमच्या वाड्याचा चौक आठवला. उजेड वरून पडतो, आवाज खाली घुमतो, आणि मध्ये उभा राहिलेला माणूस आपोआप हळू बोलू लागतो.

दालनांविषयी फार लिहीत नाही. नाना रंगांच्या संगमरवराच्या फरशा, भिंतभर आरसे, झुंबरे, घड्याळे, रुबेन्सची म्हणून दाखवली जाणारी चित्रे. आणि शिसवी लाकडाची व्हिक्टोरिया राणी, एवढी थोरली की तिच्यापुढे आपण अर्जदार आहोत असे वाटावे. हे सारे इतके दाटीने मांडले आहे की डोळा कोठेच ठरत नाही. श्रीमंतीस निवड करता आली नाही म्हणजे असे होते. वस्तूंवर धूळ होती हे आम्हांस बरे वाटले. घरात धूळ असते, संग्रहालयात नसते. या घरात मल्लिकांचे वंशज अजून राहतात.

बागेत मात्र आम्ही तासभर रमलो. हिरवळ, कृत्रिम खडकांची रचना, तळे, कारंजे आणि जागोजागी पुतळे. सिंहांच्या शेजारी युरोपातल्या देवता, त्यांच्यापलीकडे बुद्ध, आणि कोणाचे कोणाशी भांडण नाही. पलीकडे पिंजऱ्यांत मोर, माकडे, हरणे. राजेंद्रबाबूंस पशुपक्ष्यांचा मोठा नाद. 1876 साली आलिपूरचे प्राणिसंग्रहालय सुरू झाले तेव्हा त्यांनी आपल्यातले प्राणी तिकडे दिले. तेथे त्यांच्या नावाचे घर आहे.

पण या घराचे खरे रहस्य आम्हांस आवारातल्या जगन्नाथाच्या देवळापाशी उमगले. देऊळ नीलमणींचे, राजवाड्याहून जुने. 1887 साली, मृत्यूच्या वर्षी, राजेंद्रबाबूंनी मृत्युपत्र केले आणि मिळकत या जगन्नाथास अर्पण केली. वंशजांनी शेबाईत, म्हणजे देवाचे सेवेकरी, व्हावयाचे. पूजा चालवावयाची आणि गरिबांस अन्न घालावयाचे. 1866 च्या ओरिसाच्या दुष्काळात भुकेल्यांना जेवू घातलेला हा माणूस. गरिबांच्या अन्नावरचा खर्च देवाच्या उत्पन्नात धरावयाचा की वजा करावयाचा, या प्राप्तिकराच्या प्रश्नावरून खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1976 साली न्यायालयाने देवासच पूर्ण मालक मानले. आयुष्य फायलींत काढणाऱ्या आम्हांस या खटल्याचे रुबेन्सपेक्षा अधिक कौतुक वाटले यात नवल नाही. नातवंडांस राहावयास घर दिले, पण मोडावयास दिले नाही.

आमच्या आजोबांनी असे काही लिहून ठेवले नाही. त्यांनी एवढेच केले की परसातले मागचे दार कधी बंद होऊ दिले नाही. त्या दाराने उन्हाळ्यात सारी आळी आमच्या विहिरीवर पाणी भरावयास येई. आजी कुरकुर करी, ‘अहो, आपल्यालाच उरायचं नाही.’ आजोबा म्हणत, ‘विहीर काय आपण भरली होती?’ नळ आले तरी वैशाखात आजही घागरी येतात, असे दादाच मागे म्हणाले होते. नव्या इमारतीच्या नकाशात विहिरीच्या जागी मोटारींचा तळ आहे.

दादांस दोष द्यावा असे आमच्यापाशी काही नाही. पावसाळ्यात कौले परतवावयास ते चढतात, आम्ही नव्हे. वाळवीच्या औषधाचे पैसे ते भरतात. आम्ही दिवाळीस चार दिवस जाऊन सोप्यावर बसतो आणि वाडा किती छान म्हणतो. तुळयांच्या पोकळीवर असल्या स्तुतीचा इलाज नाही.

रात्री आमच्या दोन खोल्यांच्या सरकारी निवासात आम्ही संमतीपत्र काढले आणि सही केली. मग सहीच्या वर हाताने एक ओळ लिहिली : विहीर बुजवू नये व तिच्याकडे जाणारे मागचे दार आळीस खुले राहावे. सौ. म्हणाल्या, ‘असं लिहिलेलं चालतं का?’ चालत नाही हे आमच्याइतके कोणास ठाऊक असणार! अशा शेरा मारलेल्या कागदांवर ‘सशर्त, सबब अग्राह्य’ असे आम्ही स्वतः शेकडो वेळा लिहिले आहे.

पाकीट सोमवारी टपालात टाकले. गुरुवारी दादांचा फोन आला. प्रथम ते रागावले, बिल्डर ऐकणार नाही म्हणाले, तुला तिथे बसून काय जाते म्हणाले. मग बराच वेळ बोलले नाहीत. शेवटी त्यांनी विचारले, ‘मोटारी दोन कमी बसल्या तर तुझ्या वाट्यातले कापू का?’

आम्ही ‘कापा’ म्हणालो. नवा नकाशा अजून आलेला नाही.