पत्राचं वजन

संपादक नसला की लांबीला धरबंध राहत नाही. मासिकाने बाराशे शब्द सांगितले की बाराशे. स्वतःच्या न्यूजलेटरला कोण अडवणार? मला अडवलं जीमेलने. १०२ केबीच्या पुढे गेलेलं पत्र ते मध्येच कापतं. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ही मर्यादा सहसा जाणवत नाही. पण यूटीएफ-८ मध्ये रोमन अक्षराला एक बाइट लागतो, आपल्या ‘क’ला तीन, वर काना-मात्रेचे प्रत्येकी आणखी तीन. त्यात साच्यातली रंगीत सजावट आली की मजकुराआधीच पत्र जड. सजावट काढून टाकली. तिची उणीव आजवर एकाही वाचकाला भासलेली नाही.

कापलेल्या पत्रात तळाची ‘अनसबस्क्राइब’ची ओळही गडप होते. बाहेर पडायची वाट सापडली नाही की माणूस वैतागून ‘स्पॅम’ दाबतो, आणि मग राहिलेल्यांनाही पत्र नीट पोचेनासं होतं. २०२४ पासून गुगल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना एका टिचकीत बाहेर पडायची सोय सक्तीची केली. माझ्यासारख्या किरकोळ पाठवणाऱ्याला ती सक्ती नाही. तरी ती ओळ मी पत्राच्या वरच ठेवतो. जाणाऱ्याला दार उघडं हवं.

लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये पत्रं लिहिली ती अख्ख्या समाजाला उद्देशून; तिथे चढा आवाज शोभला. माझं पत्र येतं विजेचं बिल आणि भाचीच्या लग्नपत्रिकेच्या मधोमध. तिथे ‘वाचकहो’ म्हटलं की भाषणच वाटतं. पहिल्या खर्ड्यातले असे परिच्छेद मी सरळ उडवतो.

किती जणांनी उघडलं, हा आकडा बघायची चटक लागते. तो मिळतो पत्रात दडवलेल्या अदृश्य चित्रावरून. २०२१ मध्ये ॲपलच्या मेलने अशी चित्रं परस्पर उतरवून घ्यायची सोय आणली, तेव्हापासून न वाचलेलं पत्रही उघडलेलं दिसू शकतं. म्हणून मी मोजतो ती उत्तरं. बारवांवरच्या अंकाला एका निवृत्त शिक्षकांचं लांबलचक उत्तर आलं: गावच्या बारवेतला गाळ कुणी काढला, कुणाचा बैल आत पडला. पुढचा अंक त्यावरच निघाला.

वर्गणी मागायला मी अजून धजलेलो नाही. त्या गुरुजींनीच परवा विचारलंय, मनीऑर्डर चालेल का?