दहा लाखांमागे किती?

लशीच्या दुर्मिळ दुष्परिणामांची चारचौघांत वाच्यता करू नये, असं माझं ठाम मत होतं. २०२१मध्ये लोक आधीच बिचकत होते; त्यात ‘रक्ताची गाठ’ हे शब्द कानावर पडले, तर कोण रांगेत उभं राहील? म्हणून घरातल्या थोरल्यांना कोविशील्डसाठी तयार करताना मी एवढंच सांगे : अंगात कसकस येईल, दंड दुखेल, बाकी काही नाही.

मे २०२४पर्यंत हे मत टिकलं. ‘टीटीएस’, म्हणजे प्लेटलेट्स घटून रक्तात गाठी होणं, या लशीमुळे अत्यंत क्वचित उद्भवू शकतं, असं कोविशील्डची मूळ कंपनी ॲस्ट्राझेनेकानं ब्रिटनमधल्या न्यायालयात मान्य केल्याची बातमी आली आणि नातेवाइकांचे फोन सुरू झाले. ‘तीन वर्षांपूर्वीची लस आता बाधेल का गं?’ याचं उत्तर सोपं होतं : हा त्रास बहुधा डोसनंतर महिनाभरातच दिसतो. ‘मग तेव्हाच का नाही सांगितलं?’ यावर मात्र मी गप्प.

माहिती दडलेली नव्हतीच. १७ मे २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं आकडे जाहीर केले होते. दहा लाख डोसमागे भारतात अशा ०.६१ नोंदी, ब्रिटनमध्ये ४, जर्मनीत १०. धाप, छातीत दुखणं, हातापायांना सूज, न थांबणारी डोकेदुखी ही लक्षणंही सांगितली होती. आपल्याकडे नोंदीच कमी होतात असं धरून आकडा दसपट केला, तरी दहा लाखांत सहा. खुद्द कोविडमुळे गाठी होण्याचा धोका याहून कितीतरी मोठा होता. पण लोकांपर्यंत अंश पोचला, तोही तीन वर्षांनी; छेद पोचलाच नाही.

ब्रिटननं एप्रिल २०२१मध्येच हा हिशेब लोकांसमोर मांडला. तिशीच्या आतल्यांना कोविडचा धोका कमी, म्हणून त्यांना शक्यतो दुसरी लस; वयस्करांना मात्र हीच. एवढं उघड बोलूनही तिथली लसीकरण मोहीम कोलमडली नाही. माझ्या जुन्या भीतीला याहून चोख उत्तर नाही.

आता कुणी विचारलं, तर मी धोका आधी सांगते आणि छेदासकट सांगते. तुम्हीही डॉक्टरांना तीन प्रश्न विचाराच : किती जणांमागे एकाला? माझ्या वयात किती? आणि लस घेतली नाही, तर किती?